पाहणीला न गेलेले दोन संचालक

खंदारे सर गेल्याची बातमी मला कंपनीच्या संचालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळली. सकाळी दुकानापुढं पाणी शिंपडत होतो, तेवढ्यात फोन वाजला. अध्यक्षांनी सरांचा जुना फोटो टाकला होता. भोवती फुलांची चौकट, खाली ‘आमचे मार्गदर्शक हरपले’ आणि त्याखाली एकामागून एक जोडलेले हात. याच ग्रुपमधून सरांना तीन वर्षांपूर्वी काढून टाकलं होतं, आणि ज्यानं काढलं त्यानंच आता फोटो टाकला होता. मीही जोडलेले हात पाठवले... मग बाकावर बसलो, तो बराच वेळ उठलोच नाही. एक गिऱ्हाईक आलं, त्याला म्हणालो, आज दुकान बंद आहे. तो म्हणाला, “अप्पा, शटर तर उघडंय की.”

सेलूत माझं बी-बियाणांचं दुकान आहे. गावात सगळे मला मन्मथअप्पा म्हणतात. दिगंबर खंदारे सर माझे वीस वर्षांचे मित्र. ते वालूरच्या शाळेत गणित शिकवायचे, राहायला सेलूत. त्यांना जाऊन आता महिना उलटून गेला. चार बऱ्या शब्दांत त्यांच्याविषयी लिहून मोकळं व्हावं, असं मनात आलं होतं. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायला काही लागत नाही. पण सर पोरांना नुसत्या उत्तराला मार्क देत नसत, पायऱ्या मागायचे. तेव्हा पायऱ्या लिहितो. त्यातल्या एका पायरीवर मी आहे.

सेलू-वालूर रस्त्यावर आम्ही काही कापूसवाल्यांनी मिळून शेतकऱ्यांची कंपनी काढली होती. कापसातली सरकी काढायचं जिनिंग आणि रुईच्या गाठी बांधायचा प्रेस. सात जणांचं संचालक मंडळ. अध्यक्ष भाऊसाहेब म्हणजे वजनदार माणूस, बोलणं मधाळ, कुणाच्या मयतीला आणि कुणाच्या लग्नाला कधी चुकायचे नाहीत. सहा नावं ठरली तेव्हा ते मला म्हणाले, “अप्पा, तुमचे खंदारे सर घेऊ. कागदावर एक शिकलेला माणूस होतो, अन् त्यांच्या वस्तीतलाबी एक होतो. एका दगडात दोन पक्षी.” हे सरांच्या कानावर गेलं. कुणी घातलं कोण जाणे, बहुतेक मीच. सर चिडतील असं मला वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, “दगड म्हणून घेतलंय ना, मग कुठंतरी लागायलाबी पायजे.”

पहिली सभा मला चांगली आठवते. भजी झाली, चहा झाला, हवापाणी झालं. मग कंपनीचे शिपाई रशीदभाई प्रोसिडिंगचं रजिस्टर घेऊन आले आणि एकेकापुढं धरत गेले. आम्ही सहा जणांनी बोट ठेवलं तिथं सही केली. सरांनी खिशातून चष्मा काढला, काच सदऱ्याला पुसली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. खोलीत पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. आता हे बाहेरच्या माणसाला सांगून समजायचं नाही. आमच्याकडं कुणी पुढं केलेला कागद वाचून मग सही करणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणण्यासारखं आहे. सोयरिकीच्या याद्या असोत, सोसायटीचे फॉर्म असोत, वडीलधाऱ्यानं कागद पुढं केला की सही करायची, वाचायचं नसतं. भाऊसाहेब हसत म्हणाले, “काय सर, इश्वास न्हाई का आमच्यावर?”

“इश्वास हाय म्हणून तर आलोय. पण सही माझी हाय ना भाऊसाहेब.”

त्यांनी पानभर वाचलं, न झालेली एक चर्चा त्यात लिहिली होती ती खोडायला लावली, आणि मग सही केली. बाहेर आल्यावर मी त्यांची चेष्टा केली, “सर, रिटायर झाले तरी पेपर तपासायची खोड जाईना.” ते हसले. मला मात्र मनातून रागच आला होता. त्यांनी भाऊसाहेबांना खाली बघायला लावलं आणि त्यांना मंडळात मी आणलं होतं.

मी संचालक झालो तेव्हा संचालक म्हणजे काय, याची माझी कल्पना लग्नपत्रिकेत नावापुढं लावायचं एक पद, कार्यक्रमात पुढच्या रांगेतली खुर्ची, आणि गणपतीला वर्गणीवाले आधी आपल्या दारात येतात ते, एवढीच होती. सरांनी परभणीहून कंपनी कायद्याचं एक इंग्रजी पुस्तक आणलं आणि शेजारी शब्दकोश ठेवून दोन महिने वाचलं. माझ्या दुकानात खतांच्या पोत्यांवर बसून ते मला त्यातलं सांगायचे. मी ‘हां, हां’ करत गिऱ्हाईकाला पुडे बांधायचो. एकदा म्हणाले, “आपल्याला वाटतं संचालक म्हणजे ज्याला विचारायचा हक्क हाय तो. तसं न्हाई अप्पा. ज्याला विचारावंच लागतं तो. न विचारणं हाबी गुन्हा लिव्हलाय यात.” मी म्हणालो, “सर, कापूस पिकवणाऱ्याला एवढं कुठलं?” ते म्हणाले, “कापूस पिकवणाऱ्याची हाय म्हणून तर. दुसऱ्याची असती तर बसलो असतो गप.”

आणि ते खरंच विचारायचे. बाया रुईच्या खोलीत तोंडाला काय बांधतात, पाणी कुठलं पितात, संडासला कुठं जातात... सभेत हे प्रश्न निघाले की आम्ही एकमेकांकडं बघायचो. एक संचालक तर पुटपुटायचा, सर जिनिंग चालवायलेत का शाळा. पण त्यांच्यामुळंच बायांसाठी संडास झाला. पुढं सभाच कमी झाल्या. हंगामात कुणाला वेळ नसायचा, कायद्यानं सभा तर दाखवावी लागायची. मग भाऊसाहेब मॅनेजरला ठराव सांगायचे, मॅनेजर लिहायचा आणि रशीदभाई कापडात गुंडाळलेलं रजिस्टर लुनाला बांधून घरोघर हिंडायचे. आमची सभा रशीदभाईंच्या लुनावर भरायची. आणि संगणकावर करायच्या आमच्या सगळ्यांच्या सह्यांच्या डिजिटल चाव्या परभणीत सीएच्या टेबलाच्या खणात पडून असायच्या, पासवर्डसकट. सरांनी तेवढी आपली परत मागून आणली. त्यांच्या घरी रशीदभाईंना अर्धा तास लागायचा. सरांच्या पत्नी सुलोचनाताई रशीदभाईंना चहा द्यायच्या, सर वाचायचे. रशीदभाई मला म्हणायचे, “बाकी समद्या घरी सही भेटती अप्पा, त्यांच्या घरी बसायला भेटतं.”

आता त्या दिवसाचं सांगतो. इथंपर्यंत लिहायला मला तीन बैठका लागल्या.

दिवाळीच्या तोंडावर, हंगाम सुरू व्हायच्या आधी, रशीदभाई रजिस्टर घेऊन दुकानात आले. सुलोचनाताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, सर त्यांना घेऊन परभणीला निघाले होते आणि मोटारीला अवकाश म्हणून दोघं माझ्याकडं टेकले होते. मी नेहमीसारखी सही ठोकली. सरांनी चष्म्यासाठी खिसा चाचपला. चष्मा सामानाच्या पिशवीत तळाला गेला होता. दुकानासमोरच्या थांब्यावर मोटारीचा कंडक्टर हाका मारायला लागला होता. सर म्हणाले, “अप्पा, काय हाय ठराव?”

मी म्हणालो, “मी वाचलंय सर. नेहमीचंच हाय. करा सही.”

मी वाचलं नव्हतं. मुद्दाम खोटं बोललो असंही नाही... मोटार सुटेल, ताई ताटकळतील, आणि खरं सांगायचं तर रशीदभाईंसमोर मीही वाचणाऱ्यातला आहे असं दिसावं, एवढंच होतं. सरांनी सही केली. पाच वर्षांत न वाचता केलेली ती एकच सही. त्या ठरावात लिहिलं होतं की संचालक श्री. खंदारे आणि संचालक श्री. मन्मथ यांनी कारखान्यातल्या आग विझवायच्या पंपाची प्रत्यक्ष पाहणी केली, पंप सुस्थितीत आढळला, सबब हंगाम सुरू करण्यास मंडळाची मंजुरी आहे.

माघाच्या थंडीत, दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर आग लागली. कापसातून जिनिंगच्या यंत्रात, रेच्यात, खडा जातो, ठिणगी उडते, हे जिनिंगवाल्याला नवीन नाही. त्यासाठीच पंप असतो. माणसं पंपाकडं धावली, तर तिथं नुसता सिमेंटचा चौथरा आणि चार बोल्ट. मोटर जळाली होती, तिची वायंडिंग भरायला म्हणून अख्खा पंप पावसाळ्यातच काढून नेलेला, नेल्याची कुठं नोंद नाही, परत आणायची कुणालाच आठवण नाही. पाहणीला कुणीही गेलं असतं, लांबूनच दिसलं असतं. बादल्यांनी पाणी मारलं, अग्निशामकची गाडी आली तोवर रुईची खोली धुरानं भरली होती. आत चार बाया होत्या. तिघी निघाल्या. चौथी निर्मला, तिसऱ्या दिवशी परभणीच्या दवाखान्यात वारली. वालूरला ती सरांच्या वर्गात होती, चौथीपर्यंत. सर तिन्ही दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होते. मी एकदा जाऊन आलो.

ठराव काय होता, हे तोवर आम्हा दोघांनाही कळलं होतं. सर माझ्याकडं आले आणि म्हणाले, “चौकशीला बोलवतील. जे हाय ते सांगू. आपण दोघंबी गेलो न्हवतो.” मी मान हलवली. त्याच संध्याकाळी भाऊसाहेब माझ्या घरी आले. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. म्हणाले, “अप्पा, दोघांतल्या एकानं जरी पाहणी झाली म्हणलं तरी कंपनी वाचती. एवढ्या लोकांचं पोट हाय तिच्यावर. मास्तर काय ऐकायचे न्हाईत. तुमी घरचे हाव.” भीड ही भिकेची बहीण म्हणतात. मी तर भिकेला लागलो नाही, पण त्या दिवसापासून आरशात बघताना नजर चोरायला शिकलो.

परभणीहून चौकशी अधिकारी आले आणि एकेकाला आत बोलावलं. सर आधी गेले. त्यांनी सांगितलं, मी पाहणीला गेलो नव्हतो, न वाचता सही केली, चूक माझी आहे. नंतर मी गेलो. मी म्हणालो, मी गेलो होतो, पंप त्या दिवशी चालू होता. अधिकाऱ्यांनी विचारलं, खंदारे बरोबर होते का? मी म्हणालो, आठवत नाही.

खरं सांगणाऱ्याच्या अंगावर गुन्हा आला. कागदावर एका संचालकानं पाहणी केली होती, दुसऱ्यानं कामचुकारपणा कबूल केला होता. अध्यक्ष सुटले, त्यांच्यापुढं मंडळाचा ठराव होता. बाकीचे सुटले, त्यांनी दोघांच्या पाहणीवर विश्वास ठेवला होता. मॅनेजर आणि सर, दोघांवर खटला उभा राहिला. संचालक मंडळ ही सोय कशासाठी असते, ते मला त्या वेळी कळलं. सात जणांच्या सह्या म्हणजे कुणाचीच सही नाही. ज्यानं म्हटलं ही माझी आहे, त्याच्याच ती गळ्यात पडली. सरांनी राजीनामा दिला. मी आजही त्या मंडळात आहे.

सर मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यापेक्षा त्यांनी चार लोकांत माझी इज्जत काढली असती तर बरं झालं असतं. ‘अप्पानं सांगितलं वाचलंय म्हणून, म्हणून मी सही केली,’ एवढं एक वाक्य त्यांनी चौकशीत म्हटलं असतं तर मीही त्यांच्या शेजारी उभा असतो. ते त्यांनी कोर्टातही म्हटलं नाही. तारखेला एकटे जायचे, डबा घेऊन. येताना कधीमधी दुकानात टेकायचे. मी चहा मागवायचो. पाऊसपाणी, सरकीचा भाव, कुणाची पोरं कुठं लागली... बोलता बोलता मध्येच मी उगीच पोत्यांची तोंडं बांधायला घ्यायचो.

निर्मलाच्या घरी ते तीनदा गेले. पहिल्यांदा कुणी आत या म्हणालं नाही, ते ओट्यावर बसून परत आले. दुसऱ्यांदा तिच्या सासूनं पाणी दिलं. तिसऱ्यांदा तिचा नवरा बाहेर आला आणि हात जोडून म्हणाला, “सर, तुमी येऊ नका. तुमी आले की पोरगी आईचं नाव घेऊन रडायलीय.” हे सरांनी मला सांगितलं ते अगदी सपाट आवाजात, वर्गात हजेरी घ्यावी तसं. मग म्हणाले, “बराबर हाय त्याचं.” मी तिथं एकदाही गेलेलो नाही. मला कुणी येऊ नका म्हणायचीही वेळ आली नाही.

आमची शेवटची भेट मृगाच्या आधीची. सर वाळले होते. पोत्यावर न बसता खुर्ची मागितली. मला वाटलं आज बोलतील. मीच म्हणालो, “सर, एक बोलायचंय.” ते म्हणाले, “माझ्याशी कशाला अप्पा? मला ठाऊकच हाय की. ज्याला सांगायचं त्याला सांगा.” मग उठले आणि गेले. मी सांगायचं ठरवलं. पेरणी होऊ दे म्हटलं. मग पोळा होऊ दे. मग एके दिवशी सकाळी चहा घेता घेता सरांच्या छातीत कळ आली आणि ते तिथंच गेले. कोर्टात त्यांच्यापुरता खटला बंद झाला. आरोपी मयत.

त्यांच्या घरी बुद्धवंदना चालू होती तेव्हा मी मागं, चपलांपाशी उभा होतो. आटोपल्यावर सुलोचनाताई स्वतः माझ्यापर्यंत आल्या. ज्या डोळ्यांच्या ऑपरेशनला निघताना ती सही झाली होती, त्या डोळ्यांनी माझ्याकडं बघत म्हणाल्या, “आलाव ते बरं झालं अप्पा. हे नेहमी म्हणायचे, अप्पाला लय जड जायलंय, त्याला कुणी काई बोलू नका.” मला रडू आलं नाही. रडायची लायकी लागते.

पंधरा दिवसांनी रशीदभाई दुकानात आले. आता त्यांचीही साठी उलटली आहे. कापड सोडून त्यांनी रजिस्टर माझ्यापुढं उघडलं आणि सवयीनं बोट ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते पान वाचलं. शोकप्रस्ताव होता. ‘माजी संचालक दिगंबर खंदारे यांच्या दुःखद निधनाबद्दल संचालक मंडळाच्या सभेत सर्वांनी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली वाहिली. सूचक: श्री. मन्मथ.’

मी विचारलं, “रशीदभाई, कवा झाली ही सभा?”

“आता तुमची सही झाली की झाली, अप्पा.”

त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. मी उभा राहिलो. रशीदभाई गोंधळले, मग तेही उभे राहिले. दोन मिनिटं झाली का कमी, मोजलं नाही. बसलो आणि ठरावाच्या खाली मोकळी जागा होती तिथं लिहायला लागलो. ही सभा झालेली नाही. कुणी उभं राहिलेलं नाही. आग लागली त्या हंगामाआधी पंपाच्या पाहणीलाही मी गेलो नव्हतो. ठराव वाचला आहे असं खंदारे सरांना मी खोटं सांगितलं, म्हणून त्यांनी सही केली. चौकशीत मी खोटं बोललो. खाली पूर्ण नाव लिहिलं, सही केली. हेच सगळं पुन्हा एका वेगळ्या कागदावर लिहून मी पोलीस ठाण्यात देऊन आलो आहे, पोच घेतली आहे. पुढं जे व्हायचं ते होईल. निर्मलाच्या घरी अजून जायचं आहे, आणि तिथं जायची मला पोलिसांपेक्षा जास्त भीती वाटते.

पण त्या दिवशी दुकानात, मी पेन खाली ठेवलं तेव्हा रशीदभाईंनी विचारलं, “एवढं काय लिव्हलं अप्पा?” मी वाचून दाखवलं. त्यांनी रजिस्टरचं कापड हातात घेतलं. मग म्हणाले, “भाऊसाहेब हे पान ठेवायचे न्हाईत. फाडून टाकतील.” असं म्हणून त्यांनी रजिस्टर स्वतःकडं ओढलं, पानाच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, मागचं पान उलटलं, पुढचं उलटलं.

“न्हाई फाडता येत की अप्पा. हे बघा. नवं रजिस्टर आणलं त्या वर्षी सरनं घरी बसून समद्या पानाला नंबर टाकले होते.”

कोपऱ्यात लाल शाईनं आकडा होता, गोल काढून, वहीत मार्क द्यावेत तसा. मी पुढं कोरी पानं चाळली. शेवटच्या पानापर्यंत त्यांचं अक्षर होतं.